त्याच वाफ्यातली रोपं दरवर्षी वसंतात का खुरटतात? दोष हिवाळ्यात शोधा

लक्षण असं. हिवाळा सरत आला की तुम्ही वाफा खणता, खत मिसळता, पंजाने सपाट करता आणि रोपं लावता. पहिले चार-पाच दिवस ती टवटवीत असतात. मग रोप जे थिजतं ते थिजतंच. मरत नाही आणि वाढतही नाही. खालची पानं फिकट पडतात, आणि तीन आठवड्यांनी बघावं तर उंची लावली तेवढीच. त्याच पाकिटातल्या बियांचं, कुंडीत लावलेलं रोप तोवर कळ्यांवर आलेलं असतं. मग पुढच्या वर्षी बियाणं बदलायचं, त्याच्या पुढच्या वर्षी खत दुप्पट करायचं, त्यानंतर पाणी वाढवायचं. आणि वसंत आला की ये रे माझ्या मागल्या.

माझ्याकडे हे सलग तीन वसंत चाललं, तेही एकाच वाफ्यात. लाजिरवाणी गोष्ट अशी की बागेत मी सर्वांत जास्त राबलो होतो तो याच वाफ्यात. शेजारच्या पट्टीला आळसाने हातही लावला नव्हता, तिथे झेंडू आपोआप उगवून गुडघ्याला लागला होता. चौथ्या वर्षी औषधाची बाटली बाजूला ठेवली आणि ऐन हिवाळ्यात फावडं घेऊन वाफ्यात उतरलो. जे सापडलं त्यावरून एवढं सांगतो: वसंतात दिसणारं हे दुखणं बहुतेक वेळा हिवाळ्यातलं असतं, आणि आपल्याच हाताने मातीत घातलेलं असतं. पानांवर फवारे मारत राहणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आधी गेला वसंत आठवा

मोबाइलमध्ये जुने फोटो असतील तर काढा. रोपं नक्की कशी दिसत होती, यावर पुढचा अर्धा तपास ठरतो.

खालची जुनी पानं आधी सरसकट पिवळी पडली आणि शेंडा त्यातल्या त्यात हिरवा राहिला असेल, तर नत्र (नायट्रोजन) कमी पडलंय. रोप जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला पुरवतं, म्हणून पिवळेपणा खालून वर चढतो. याच्या उलट, कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये. बहुधा ते मातीत असतंच, पण सामू (मातीचा पीएच, म्हणजे ती आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा) चढा असला किंवा माती पाणथळ असली की मुळांना ते उचलता येत नाही. पानाखाली जांभळट झाक आली असेल तर स्फुरद (फॉस्फरस) कमी पडतंय. तेही गार मातीत मुळांना नीट घेता येत नाही. टोमॅटोच्या रोपावर ही झाक फार लवकर दिसते आणि माती तापली की बऱ्याचदा आपोआप जाते. अशा वेळी घाईने स्फुरद ओतू नका.

माती ओली असूनही भर दुपारी मान टाकणारं रोप वेगळं. त्याची मुळं गुदमरलेली असतात, आणि आपण काय करतो, तर आणखी एक झारी पाणी घालतो.

छोटी रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडत असतील तर ती मर आहे. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशीवर्गीय रोगजंतूंचं काम. सकाळी उठून बघावं तर बुंध्यापाशी कात्री लावल्यासारखं रोप पडलेलं, असं असेल तर कटवर्म अळी. या दोन्हींचं दुखणं या लेखातल्या दुखण्यापेक्षा निराळं आहे, पण त्यांची हिवाळी तयारी शेवटाकडे दोन ओळींत सांगतो.

एक खुरटलेलं रोप मुळासकट बघितलं होतं का?

मी तीन वर्षं नव्हतं बघितलं. चौथ्या वर्षी, हंगाम संपल्यावर, वाफ्यात वाळून उभं राहिलेलं एक रोप उपटलं. ते सहज निघालं, आणि मुळांचा गड्डा अजूनही रोपांच्या ट्रेच्या खणाच्या आकाराचा होता. चार महिने जमिनीत राहूनही मुळं त्या चौकोनाबाहेर फारशी पडलीच नव्हती. जी दोन-चार बाहेर गेली होती ती खड्ड्याच्या भिंतीला आपटून काटकोनात वळली होती, जणू काचेच्या बरणीत वाढलीत.

खड्ड्याची भिंत खरंच काचेसारखी होती. ओल्या चिकणमातीत खुरपं फिरवून खड्डा केला की पातं माती कापतं आणि लिंपतंही. वाळल्यावर ती भिंत कोवळ्या मुळांना फोडता येत नाही.

मुळांवर गाठी दिसल्या तर थांबा आणि नखाने खरवडून बघा. शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या नत्राच्या गाठी बाजूला चिकटलेल्या असतात, सहज निघतात आणि आतून बऱ्याचदा गुलाबी असतात. सूत्रकृमींच्या (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या) गाठी म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती गाठ मुळापासून सुटत नाही. पहिल्या प्रकाराचा आनंद माना. दुसरा असेल तर त्या वाफ्यात पुढच्या वसंतात टोमॅटो, वांगी, काकडी, भेंडी लावू नका. मशागत कितीही चांगली केलीत तरी तिथे ती पिकं पुन्हा थिजतील.

फावड्याभर मातीची उभी काप

आता मुख्य तपासणी. हिवाळ्यात, माती गोठलेली नसताना आणि फार ओलीही नसताना, वाफ्याच्या मधोमध साधारण ३० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या. एक बाजू सरळ उभी ठेवा आणि त्या बाजूची दोन इंच जाडीची काप फावड्यावर अलगद उचलून उजेडात आणा. हाताने फोडत वरून खाली या.

माझ्या वाफ्यातली काप अशी होती. वरचा चार-पाच सेंटिमीटरचा थर रवाळ, सुंदर. दरवर्षी पंजा फिरवून मीच केलेला, आणि त्यावरच मी भाळत होतो. त्याखाली पंधरा-अठरा सेंटिमीटरपर्यंत माती ढेकळांत नव्हे तर चकत्यांत तुटत होती, एकावर एक ठेवलेल्या फरशीच्या तुकड्यांसारखी, आणि तुटलेली बाजू चकचकीत. त्याच्याही खाली निळसर करड्या रंगाचा पट्टा. त्यात पानं होती. दोन हिवाळ्यांपूर्वी मी मोठ्या हौसेने पुरलेला पालापाचोळा, जवळजवळ जसाच्या तसा. एका पानाच्या शिरा मोजता येत होत्या. आणि सडक्या अंड्याचा वास. हवा पोहोचत नाही अशा ओल्या मातीत गंधकाची संयुगं हायड्रोजन सल्फाइडमध्ये बदलतात, त्याचा तो वास.

निरोगी काप वरपासून खालपर्यंत दाण्यादाण्यांत तुटते, तिला पहिल्या पावसानंतरचा वास असतो आणि तीत मुळांच्या, गांडुळांच्या उभ्या नळ्या दिसतात. खाली जाताना रंग हळूहळू फिकट होणं ठीक. अचानक निळा-करडा पट्टा ठीक नाही.

खणायचा कंटाळा असेल तर पेन्सिलीपेक्षा बारीक लोखंडी सळई ओलसर मातीत दाबत जा. सगळीकडे एकाच खोलीवर ती अडत असेल तर तिथे कडक थर आहे, आणि ती खोली बहुतेक वेळा तुमच्या फावड्याच्या पात्याएवढी निघते. दरवर्षी त्याच खोलीपर्यंत खणल्याने पात्याखालची माती दाबली जाते.

त्याच खड्ड्यात निचराही बघून घ्या. खड्डा पाण्याने भरा, एकदा पूर्ण जिरू द्या, मग पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरते ते पट्टीने मोजा. अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी उतरली तर निचरा वाईट. दहापेक्षा जास्त उतरली तर माती पाणी धरत नाही, म्हणजे तुमचं दुखणं वेगळंच. माझ्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळीही तळाला पाणी होतं.

पहिला गुन्हेगार: वाफसा नसताना खणणं

आपल्या भाषेत यासाठी इतका नेमका शब्द आहे आणि बागवाले तो शेतकऱ्यांपुरता ठेवतात. वाफसा म्हणजे मातीत पाणी आणि हवा दोन्ही असण्याची अवस्था. चिखल नाही, दगडही नाही. हिवाळ्यात बागेला सवड मिळते ती आपल्या सुट्टीप्रमाणे, मातीच्या सवडीप्रमाणे नव्हे. थोडंसं ऊन पडलं, हात शिवशिवले, की आपण वाफ्यात उभे. वरून माती कोरडी दिसते, पण खाली ती अजून लोण्यासारखी असते.

चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक आणि चपटे असतात. ओले असताना ते दाबले की पत्त्यांच्या जुडीसारखे एकावर एक बसतात आणि मधली हवेची जागा संपते. एका दुपारी बूट घालून केलेलं हे काम सुधारायला मातीला पुढे कित्येक महिने लागतात.

तपासणी सोपी आहे. दहा-पंधरा सेंटिमीटर खोलीवरची माती मुठीत घ्या, वरची नको. घट्ट दाबा आणि मूठ उघडा. अंगठ्याने टोचल्यावर गोळा फुटून रवाळ झाला तर वाफसा आहे, खणा. अंगठ्याचा ठसा तसाच राहिला आणि तो चकाकला तर फावडं परत जागेवर ठेवा. त्याच मातीची पेन्सिलीएवढी वळी वळता येत असेल तर आठवडाभर तिकडे फिरकूही नका. मुठीत गोळाच होत नसेल तर एकतर माती वाळूसर आहे किंवा फार कोरडी. वाळूसर माती पावसानंतर एक-दोन दिवसांत वाफशावर येते, भारी चिकणमातीला आठवड्याहून जास्त लागू शकतो. त्यामुळे पुस्तकात लिहिलेली तारीख तुमच्या वाफ्याच्या काही कामाची नाही.

आणि वाफ्यात उभं राहू नका. हे सांगायला फार साधं वाटतं, पण माझ्या चकत्यांपैकी निम्म्या माझ्याच बुटांनी तयार केल्या होत्या. वाफा दोन्ही बाजूंनी हात पुरेल एवढाच रुंद ठेवा, साधारण १२० सेंटिमीटर. आत जावंच लागलं तर फळी टाका, वजन पसरतं.

कडक थर सापडला असेल तर तो फोडायचा, उलटायचा नाही. चार दातांचा फोर्क पूर्ण आत घालून दांडा मागे ओढा, माती उचलली जाऊन तडकते. मग फोर्क काढून एक वीत मागे सरका. खालची माती वर आणू नका. जिथे जमीन गोठते तिथे उरलेलं काम थंडी करते: पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि ढेकळं आतून फुटतात. म्हणून तिथे हिवाळ्याच्या तोंडाशी खणलेली भारी माती ढेकळांतच सोडावी, पंजा फिरवून साफसूफ करण्याचा मोह आवरावा. जिथे जमीन गोठत नाही तिथे हेच काम ओलं-कोरडं होण्याची आवर्तनं करतात, फक्त सावकाश.

एक सल्ला हमखास मिळेल: चिकणमातीत वाळू घाला. थोडी वाळू घालून काही होत नाही, उलट चिकणमाती वाळूच्या कणांमधल्या फटी भरते आणि वाळल्यावर वीट तयार होते. परिणाम दिसण्याइतकी वाळू घालायची तर जवळपास वाफाच वाळूचा करावा लागतो. तेवढ्या श्रमात कंपोस्ट घाला.

दुसरा गुन्हेगार: मातीत पुरलेलं कच्चं

वाळकी पानं, काडीकचरा, लाकडाचा भुसा. हिवाळ्यात हे सगळं भरपूर असतं आणि "सगळं मातीतच जिरतं" म्हणून आपण ते पुरतो. जिरतं हे खरं. प्रश्न कधी आणि कोणाच्या जिवावर.

कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना साधारण २४-२५ भाग कर्बामागे (कार्बन) १ भाग नत्र लागतं. मुरलेल्या कंपोस्टमध्ये हे प्रमाण १० ते १५ ला १ असतं, म्हणजे नत्र उरून रोपाला मिळतं. वाळक्या पानांत ते बहुधा ५० च्या आसपास किंवा वर, गव्हाच्या काडात ८० च्या घरात, आणि लाकडाच्या भुशात काहीशे. कमी पडणारं नत्र सूक्ष्मजीव आजूबाजूच्या मातीतून ओढून घेतात, आणि या ओढाताणीत रोप हरतं. ते नत्र कायमचं जात नाही. सूक्ष्मजीव मेले की परत मिळतं. पण गार मातीत ते सगळेच मंद असतात. हिवाळाभर झोपा काढलेली ही फौज नेमकी माती तापल्यावर, म्हणजे तुम्ही रोपं लावता त्याच आठवड्यात, जेवायला बसते.

म्हणून खालून वर पिवळं पडणारं रोप, आणि गेल्या हिवाळ्यात पुरलेला पाचोळा, हे दोन्ही जुळले तर वेगळा पुरावा शोधत बसू नका.

उपाय पाचोळा टाकून देण्याचा नाही. तोच पाचोळा वर पसरला तर नत्राची ही ओढाताण मातीच्या वरच्या पातळ थरापुरती राहते, मुळांपर्यंत पोहोचत नाही. पुरायचंच असेल तर हिवाळा सुरू होण्याआधी, माती उबदार असताना, बारीक करून आणि वरच्या दहा सेंटिमीटरच्या आतच. हिवाळा अर्धा सरल्यावर फक्त पूर्ण मुरलेलं कंपोस्ट: काळपट, मूळ वस्तू ओळखू न येणारं, ढिगाच्या पोटात हात घातला तर गरम न लागणारं. अडीच सेंटिमीटरचा थर पुरतो. एक चौरस मीटरला तो २५ लिटर होतो, त्यावरून तुमच्या वाफ्याचा हिशेब करा. हा थर खणून आत घालायची गरज नाही.

हिरवळीचं पीक (मातीत गाडायलाच वाढवलेलं) घेतलं असेल तर ते फुलावर येण्याआधी कापा आणि लावणीला किमान तीन आठवडे असू द्या. ताजी हिरवळ गाडून लगेच बी पेरलं तर कुजणाऱ्या पाल्यावर माश्या अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या उगवणारं बी खातात.

रासायनिक नत्र हिवाळ्यातच घालून ठेवण्यातही अर्थ नाही. नायट्रेट पाण्याबरोबर खाली वाहून जातं. वसंतात रोपाला त्यातलं फारसं उरत नाही.

शेणखताबद्दल स्वतंत्र इशारा

पानं पिवळी न पडता वाटीसारखी वळली, शेंडे नेच्यासारखे पिळवटले, आणि हे टोमॅटो, घेवडा, वाटाणा, बटाटा यांच्यातच झालं असेल, तर संशय खतावर घ्या. अमिनोपायरॅलिड आणि क्लोपायरॅलिड ही रुंद पानांच्या तणांवर मारायची तणनाशकं आहेत. कुरणावर फवारली तर गवताला काही होत नाही. जनावर ते गवत खातं, औषध शेणातून बाहेर पडतं आणि कुजवल्यावरही दीर्घकाळ टिकतं. खत कितीही काळंभोर दिसत असलं तरी नजरेने हे कळत नाही.

हिवाळा हीच याच्या चाचणीची वेळ. तीन कुंड्यांत ते खत आणि स्वच्छ माती निम्मी-निम्मी, तीन कुंड्यांत नुसती स्वच्छ माती. प्रत्येकीखाली वेगळी ताटली, नाहीतर निथळलेलं पाणी एकमेकांत जाऊन चाचणीच बाद होते. सगळ्यांत घेवड्याच्या तीन-चार बिया. घरात उबेला ठेवा आणि खरी पानं येईपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, वाट बघा. खताच्या कुंडीतली पानं वाकडी आणि नुसत्या मातीतली सरळ, तर ते खत भाजीच्या वाफ्यात नको.

ताजं शेण असेल तर आणखी एक मर्यादा पाळा: मातीला टेकणारी भाजी खुडण्याआधी किमान १२० दिवस ते मातीत गेलेलं असावं. हिवाळ्याच्या सुरुवातीला घातलंत तर हे आपोआप साधतं.

तिसरा: माती तापलेलीच नसते

वरचे दोन्ही नसतील तरी रोपं थिजू शकतात, कारण आपण हवेवर विश्वास ठेवतो. हवा दुपारी २५ अंश असली तरी दहा सेंटिमीटर खालची माती १० वर असू शकते, आणि ओली असेल तर तिथेच अडून राहते. पाणी तापवायला तेवढ्याच वजनाच्या कोरड्या मातीच्या साधारण पाचपट उष्णता लागते. निचरा वाईट असलेला वाफा उशिरा तापतो तो यामुळेच.

स्वयंपाकघरातला किंवा मातीचा थर्मामीटर दहा सेंटिमीटर खोल खोचा आणि सकाळी वाचा, सलग चार-पाच दिवस. वाटाणा आणि पालक ५ अंशांच्या आसपासही उगवायला लागतात, संथपणे का होईना. टोमॅटोचं बी १० च्या खाली हलत नाही, आणि घेवडा, काकडी, भेंडीला किमान १५-१६ पाहिजे. त्याआधी घाईने लावलेलं रोप पुढे जात नाही; दोन आठवडे उशिरा लावलेलं बहुतेक वेळा त्याला गाठतं.

हिवाळाभर मातीवर राहिलेलं जाड आच्छादन तिला तापू देत नाही. ते लावणीच्या तीन आठवडे आधी बाजूला ओढा, माती तापली की परत घाला. उंचावलेला वाफा लवकर निथळतो आणि लवकर तापतो. पारदर्शक प्लास्टिक काळ्यापेक्षा माती जास्त तापवतं, पण त्याखाली तणही मजेत उगवतं. मला हे चालतं, कारण पुढच्या एका युक्तीत तेच हवं असतं.

सामू

इथे अंदाजपंचे काम नको. व्हिनेगर टाकल्यावर माती फसफसली तर तीत चुनखडी आहे, एवढंच ती घरगुती चाचणी सांगते. वाफ्यातल्या दहा-बारा जागांवरून पंधरा सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती प्लास्टिकच्या बादलीत गोळा करा, मिसळा, सावलीत वाळवा आणि अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. बहुतेक भाज्यांना ६ ते ७ मधला सामू मानवतो. सामू ५.५ ची माती ६.५ च्या दहापट आम्ल असते, त्यामुळे "थोडासाच फरक आहे" म्हणून सोडू नका.

आम्ल मातीत चुना घालायचा तर हिवाळ्यातच, कारण त्याला काम करायला काही महिने लागतात. चुना आणि ताजं शेणखत एकत्र नको, नत्र अमोनिया होऊन उडतं. उलट सामू उतरवायला गंधक घालणार असाल तर थंडीत घाई नको. गंधकाचं आम्ल करणारे जिवाणू उबेतच काम करतात. आणि चुलीतली राख सामू वाढवते. चढ्या सामूच्या वाफ्यात हिवाळाभर राख टाकत राहणारी मंडळी कोवळी पानं पिवळी का म्हणून विचारतात, तेव्हा मी आधी शेकोटी कुठे आहे ते विचारतो.

लावणीच्या दिवसापासून उलट मोजा

तुमच्याकडे रोपं लावायचा आठवडा ठरवा आणि मागे या. बारा आठवडे आधी मातीचा नमुना, उभी काप, निचऱ्याची चाचणी, लागला तर चुना. खताच्या कुंड्याही त्याच सुमारास. सहा आठवडे आधीपर्यंत फोर्कचं काम संपलेलं असावं, तेही वाफसा मिळेल त्याच दिवशी; नाही मिळाला तर त्या वर्षी न खणता नुसतं कंपोस्ट वर पसरलेलं परवडतं.

चार आठवडे आधी वाफा लावणीसाठी पूर्ण तयार करा आणि काहीच लावू नका. वरचं तण उगवू द्या. ते दोन पानांवर आलं की खुरपं आडवं धरून जेमतेम दोन सेंटिमीटर खरवडा. खोल गेलात तर खालचं नवं बी वर येईल. हे दोनदा जमलं तर वर्षभराची खुरपणी निम्म्यावर येते. हराळी आणि लव्हाळ्याला मात्र ही युक्ती लागू नाही, त्यांचे तुकडे आणि गाठी हाताने वेचाव्या लागतात. याच चार आठवड्यांत तण नसलेल्या वाफ्यात कटवर्मची अळी उपाशी राहते, हा वरचा फायदा. मर टाळायची तर ट्रे साबणाने धुऊन रोपं वाढवायचं नवं मिश्रण भरा, पाणी खालून द्या आणि ट्रेमध्ये दाटी करू नका.

शेवटचा आठवडा-दहा दिवस रोपं रोज थोडी जास्त वेळ बाहेर ठेवा. आणि लावताना खड्ड्याची भिंत बोटांनी किंवा फोर्कच्या टोकाने ओरबाडा. मला चौथ्या वर्षी कळलेली ही सगळ्यांत फुकटची गोष्ट.

वसंत आलाच असेल आणि रोपं थिजली असतील तर

एक रोप मातीच्या गोळ्यासकट उचला आणि मुळं बघा. मुळं पांढरी असतील, पानं खालून पिवळी असतील आणि पाचोळा पुरल्याचं आठवत असेल, तर १ लिटर पाण्यात २ ग्रॅम युरिया विरघळवून मुळाशी द्या, दहा दिवसांनी पुन्हा एकदा. आठवड्याभरात शेंडा हलायला हवा. मुळं तपकिरी, लिबलिबीत असतील तर पाणी बंद, वाफ्याच्या कडेने चर काढा आणि दोन ओळींच्या मधून फोर्क घालून माती उचला, रोपांना न दुखावता. दोन्ही नसेल आणि सकाळी मातीत थर्मामीटर बाराच्या खाली असेल तर काहीही घालू नका. थांबा.

माझा वाफा पाचव्या वसंतात पहिल्यांदा नीट चालला. कडेचा एक कोपरा अजूनही पावसानंतर दोन दिवस पाणी धरतो. तिथे दोनदा फोर्क मारून पाहिला, चर काढून पाहिला. आता तिथे काही लावत नाही, झारी ठेवतो.